व्हॅनखालचा पुठ्ठा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. आमच्या कुरवंड्यात कुणालाही विचारा, शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. पोरं तर सगळ्यात आधी सांगतील, कारण त्यांना रोज लोणावळ्याच्या शाळेत नेणारी-आणणारी व्हॅन मीच चालवते, आणि मागच्या सीटवर कुणी कुणाचा डबा हिसकावला की आरशात न बघता मला कळतं. तर ह्या माझ्या रागापायी मी एकदा एका भल्या माणसाचा चारचौघांत पाणउतारा केला. त्या बिचाऱ्याची त्यात काडीची चूक नव्हती.

सगळं त्या इंजिन ऑइलपायी.

व्हॅन काही नवी नव्हती. आम्ही घेतली तेव्हाच तिचे दोन मालक होऊन गेले होते. गेल्या दिवाळीनंतर तिच्यातून ऑइल गळायला लागलं. ह्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे गळतीचा वास थेट नाकात. गाडी चढाला लागली की करपट धूर यायचा आणि पुढे बसणारी पहिलीतली पोरगी तोंडावर रुमाल धरून म्हणायची, "मावशी, मळमळतंय." मी काच खाली करायचे आणि मनातल्या मनात त्या आधीच्या दोन्ही मालकांचा उद्धार करायचे.

लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचे नेहमीचे मिस्त्री आहेत. गॅरेज त्यांच्या वडिलांपासूनचं. सगळे त्यांना भाई म्हणतात, मीही म्हणते. हळू बोलणारा माणूस. नमाजाची वेळ झाली की हात धुऊन निघणार आणि परत आले की जिथे पाना ठेवला होता तिथूनच काम पुढे सुरू करणार. त्यांनी इंजिन खाली उतरवलं, झिजलेलं सील काढून माझ्या हातात दिलं. रबराची एवढीशी कडी, पण कडक होऊन अशी झालेली की बोटाने दाबली तर तुकडा पडला. नवं सील बसवलं, सगळं धुऊन-पुसून काढलं, नवंकोरं ऑइल भरलं आणि म्हणाले, "आता विसरून जा ताई."

मी विसरले. दहाव्या दिवशी अंगणात व्हॅनखाली बशीएवढा डाग!

खात्री करावी म्हणून खोक्याचा एक पुठ्ठा फाडून व्हॅनखाली सरकवला. दुसऱ्या दिवशी त्यावर दोन-तीन थेंब, तिसऱ्या दिवशी थेंब एकमेकांत मिसळलेले. आठवडाभरात परत तो वास, परत "मावशी, मळमळतंय." गेले परत. भाईंनी परत उघडलं, दुसरं सील घातलं, वरचं पॅकिंगही बदललं, परत ताजं ऑइल. परत दहा-बारा दिवस बरे गेले आणि परत पुठ्ठा भिजला.

आमचे हे तळेगावच्या एका कंपनीत आहेत. शिफ्ट करून येतात, बोलतात कमी. त्या दिवशी मात्र पुठ्ठा पायाने बाहेर ओढून त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "अजून एकदा गळली की विकून टाकू. कुठवर त्या गॅरेजच्या वाऱ्या करणार तू? पोरांना काही झालं म्हणजे?"

"विकायची? आणि आबांचं काय?" मी म्हटलं.

ह्यावर त्यांनी पुठ्ठा पायानेच परत आत सरकवला. आबा म्हणजे त्यांचेच वडील.

आबांचं सांगायला हवं. माझ्या सासऱ्यांनी उभी हयात जीप चालवली. लोणावळ्यापासून आत मावळातल्या वाड्यावस्त्यांपर्यंत म्हातारी माणसं, वऱ्हाडं, बाळंतिणी, कोंबड्या, पत्र्याच्या ट्रंका, सगळं वाहिलं. मी बेडशाहून लग्न होऊन आले तेव्हा मला साधी सायकल येत नव्हती. पस्तिशी आली तेव्हा ह्याच माणसाने शेजारी बसून मला गाडी शिकवली. मी ब्रेकवर नाचायला लागले की म्हणायचे, "आगं, तिला दमानं सांग, ती ऐकती." एकदाही ओरडले नाहीत. मी असते तर शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी दारातून ढकलून दिलं असतं.

मग आबांना काचबिंदू निघाला. औषधाचे थेंब चालू होते, तरी एक दिवस त्यांनी जीप गावातल्या पाण्याच्या टाकीला घासली. टाकीपाशी बायका हंडे भरत होत्या. जीप हातभर इकडे आली असती तर काय झालं असतं ते आजही मी पुरतं मनात आणत नाही. त्या संध्याकाळी आबांकडून किल्ली मागून घेतली ती मी. त्यांच्या लेकाची हिंमत झाली नाही. आबांनी कोपरीच्या खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि हात धुवायला गेले.

जीप विकली, आणि आबा भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. सकाळचे दहा वाजले तरी उठायचे नाहीत. दाढी वाढलेली, ताटात अर्धी भाकरी तशीच, कुणी भेटायला आलं तर "बसा" एवढंच बोलणार. ताप नाही, खोकला नाही, नुसते पडून. चार महिने मी ती पाठ बघितली. मला सारखं वाटायचं, मी घेतली किल्लीच, पण त्या किल्लीबरोबर ह्यांचं अजून काय काय घेऊन बसले मी?

मग शाळेच्या पोरांसाठी ही व्हॅन घेतली. पहिल्या सकाळी मी निघणार तर आबा आंघोळ करून, टोपी घालून व्हॅनजवळ उभे!

"आईल बघितलं का?"

"नाही."

"न्हाई? मंग निघालीस कुटं?"

त्यांनी सीट उचलली. इंजिनात किती ऑइल आहे ते मोजायची एक लांब पट्टी असते, तिच्या टोकाला खूण असते. ती पट्टी त्यांनी बाहेर ओढली, फडक्याने पुसली, परत आत घातली, परत काढली आणि उजेडाला धरली. मान हलवली. त्या दिवसापासून आबा रोज सहाला उठायला लागले. ऑइल, पाणी, चाकांची हवा, काचा पुसणं, सगळं त्यांच्याकडे. पावसात काचेवर धुकं धरू नये म्हणून तंबाखू चोळून ठेवायचे आणि पोरं नाकं मुरडायची. दाढी गुळगुळीत, ताट साफ. व्हॅन सुटली की मग जाऊन देवळाच्या पायरीवर बसायचे, आणि कुणी विचारलं की सांगायचे, "आत्ताच गाडी लावून दिली."

म्हणून व्हॅन विकायची म्हणजे त्यांना परत त्या भिंतीकडे तोंड करून झोपवायचं. त्यांचे दुसरे काय उद्योग उरले होते? मला नोकरी कुठेही मिळाली असती हो, लोणावळ्यात हॉटेलं काय कमी आहेत? पण आबांना सहाला उठवेल असं दुसरं काही मला माहीत नव्हतं.

मला धास्ती वाटली की माझा आवाज चढतो, तो जन्मापासूनचा दोष. दुसऱ्याच दिवशी पोरं शाळेत उतरवली आणि तो तेलकट पुठ्ठा घेऊनच तडक भाईंच्या गॅरेजात गेले. शनिवार होता, पर्यटकांच्या दोन गाड्या दारात उभ्या. त्या सगळ्यांदेखत मी पुठ्ठा भाईंच्या पुढ्यात टाकला.

"हे बघा तुमचं काम! दोनदा इंजिन उतरवलंत ना? बोर्डवर काय लिहिलंय, इंजिनचे जाणकार! एक सील धड बसवता येत नसेल तर तो बोर्ड खाली उतरवा आणि वडापावची गाडी लावा!"

अजूनही बरंच बोलले. ते आता लिहिताना कान गरम होतात. पुण्याहून आलेली एक बाई मोबाइलवरचं बोलणं थांबवून माझ्याकडे बघत राहिली.  हातातला पाना पुसून भाईंनी जागेवर टांगला आणि म्हणाले, "ताई, किल्ली द्या."

त्यांनी इंजिन उघडलंच नाही. खाली तसराळं ठेवून सगळं ऑइल काढलं आणि मापाने मोजलं. एकदा मोजलं, परत मोजलं. मग मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाले, "मी भरलं होतं त्यापेक्षा हे लिटरभर जास्त आहे. ताई, गळून गळून ऑइल वाढतं कसं?"

मी त्या मापात वाकून बघितलं.

"जास्त भरलं की आत दाब वाढतो. मग सील कितीही चांगलं बसवा, ऑइल वाट काढणारच. वरून कोण घालतं?"

कुणी नाही, असं म्हणणार तेवढ्यात मला डबा आठवला. गळती पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा वरून घालायला म्हणून ऑइलचा डबा घरात आणून ठेवला होता. तो पडवीत, आबांच्या खाटेखाली असायचा.

"आबा?" भाईंनीच विचारलं. आबांची जीप भाईंच्या वडिलांकडेच दुरुस्तीला यायची, भाई आबांना लहानपणापासून ओळखत होते. मी मान खाली घातली. मघाशी मी जे जे बोलले होते ते सगळं त्या गॅरेजभर अजून तसंच पडलेलं होतं, आणि आता मला ते उचलायची सोय नव्हती.

भाईंनी स्वतःच वाट काढली. म्हणाले, "गाडी घरी कशी लावता? चढावर? तोंड वर करून?"

"कुरवंड्यात सपाट जागा आहे कुठे, भाई?"

"मग झालं! ऑइल एका बाजूला सरकतं, पट्टीवर कमी लागतं. आबांना वाटणार कमी आहे, ते घालणार. त्यांची काय चूक? जागा वाकडी आहे."

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! आबांची चूक नाही, भाईंची चूक नाही, चूक जमिनीची. मी म्हटलं, "भाई, मी मघाशी जे..."

"चहा घ्या," ते म्हणाले, आणि तिसऱ्यांदा सील बदलायला बसले. मी चहा घेतला.

घरी जाताना वाटभर मी वाक्यं जुळवत होते. उगाच तोंडातून वेडंवाकडं निघायला नको. जेवणं झाल्यावर अगदी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "आबा, भाई म्हणतात आपली व्हॅन लावायची जागा वाकडी आहे. त्याने पट्टी चुकीचं दाखवते, म्हणून तुमच्याकडून ऑइल जास्त पडलं."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, आता उठून आत जातील आणि झोपतील, उद्या सहाला उठणार नाहीत.

"जागा व्हय?" ते म्हणाले.

"हो, जागाच."

"मंग जागा सरळ करू की."

आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी कुदळ हातात घेतली. वरच्या अंगाची माती खणायची, घमेल्याने खालच्या अंगाला टाकायची, कडेला दगड रचायचे. मी म्हणायचे, बसा जरा. "तू जा, पोरं थांबली असत्याल," म्हणून मलाच हाकलायचे. शेजारचे एक काका रोज येऊन विचारायचे, "आबा, हेलिकॉप्टर उतरवताय काय?" आणि आबा म्हणायचे, "व्हय तर, पयली फेरी तुमची." हसायचे सगळे. आबासुद्धा हसायचे. ह्यांनी सुट्टीच्या दिवशी मोठे दगड लावून दिले. बाप-लेक दोघं घामाघूम होऊन ओट्यावर भाकरी खात बसले होते, ते बघून मला वाटलं, बाई गं, ही गळती झाली तेच बरं झालं.

सपाटी बघायला आबांनी परात आणायला लावली. मधोमध ठेवून त्यात पाणी ओतायचं, ते सगळ्या काठांना सारखं लागलं म्हणजे जागा सरळ. दर वेळी मला हाक मारायचे, "बघ गं, सारखं हाय का?" मी म्हणायचे, तुम्हीच बघा की, तुमचंच काम. "न्हाई, तू सांग," म्हणायचे. मला वाटायचं, सुनेचा मान ठेवतायत.

आठ दिवसांनी व्हॅन त्या सपाट जागेवर उभी राहिली. आबांनी नारळ फोडला. मी नवा पुठ्ठा सरकवला. पाच दिवस कोरडा, आठ दिवस कोरडा. नवव्या दिवशी मी भाईंना फोन करून रीतसर माफी मागितली आणि ते हसले. अकराव्या दिवशी पुठ्ठ्यावर एक थेंब.

एकच, पण ताजा. मी उकिडवी बसून त्याच्याकडे बघत राहिले. बोट लावून वासही घेतला, जणू काही ते पाणी निघणार होतं. मग पुठ्ठा उलटा करून ठेवला. कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सहाच्या आधी उठून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. थंडी मरणाची. नुकतं फटफटलेलं, पूर्वेला आभाळ जरा पांढरं झालेलं. आबा आले, सीट उचलली, पट्टी काढली, पुसली, घातली, काढली, उजेडाला धरली. इतके महिने मी हे लांबून बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. त्यांची नजर पट्टीवर नव्हतीच. पट्टी एकीकडे, नजर तिच्या जरा पलीकडे. मग त्यांनी टोक दोन बोटांत धरून चोळलं, बोटं नाकाशी नेली, आणि खाली ठेवलेला डबा उचलून ऑइल घालायला लागले. ओठांनी काहीतरी मोजत होते.

मी जवळ गेले. "आबा, किती होतं?"

ते दचकले. "जरा कमी हाय."

"बघू."

मी पट्टी पुसून आत घातली, काढली. ऑइल खुणेच्या दोन बोटं वर होतं.

"आबा, हे तर वर आहे. कालही वरच असणार. जागा आता सरळ आहे ना?"

आबांनी डब्याचं झाकण लावलं. हात पुसले, परत पुसले. मग व्हॅनच्या दाराला टेकून म्हणाले, "काळं व्हतं तवर मला दिसायचं गं."

"काय काळं?"

"आईल. जुनं आईल काळंभोर असतंय. पट्टीवर रेघ उठायची, तेवढी कळायची मला. भाई दर बारीला नवं घालतोय. पान्यासारखं असतंय ते. मला पट्टी कोरडीच वाटती. कवा हाय म्हनावं, कवा न्हाई म्हनावं, कायच कळत न्हाई." मग म्हणाले, "तू पोरं घिऊन जाती. चढाला आईल कमी पडलं, गाडी रस्त्यात बंद पडली, मागनं एखादा टुरिस्ट आला भरधाव... मंग म्हनलं, असूं दे थोडं जादा."

म्हणजे भाई जितकं नीट काम करत होते, जितकं स्वच्छ ऑइल भरत होते, तितकं आबांना कमी दिसत होतं. भाईंनी तीनदा गाडी बरी केली आणि तिन्ही वेळा आबांनी माझ्या काळजीपोटी ती बिघडवली. आणि हे सगळं माझ्या नाकाखाली चाललेलं, जिला मागच्या सीटवरचा डबा न बघता कळतो!

"मग ते आठ दिवस खणलंत कशाला?" मी विचारलं. जीव तुटत होता तरी आवाज माझा तो माझाच, चढलेला.

आबा ओशाळं हसले. "तू म्हनलीस, जागा वाकडी हाय. मला बी वाटलं, तसंच असंल. जागाच असली तर लय बरं हुईल, म्हनलं."

"मला सांगायचं नाही आबा?"

"सांगितलं असतं तर पट्टी बी काढून घितली असती तुमी."

मी नाही म्हणणार होते. पण नाही म्हणवेना. घेतली असती मी. सगळ्यांच्या भल्यासाठी म्हणून, चांगलं समजावून, गोड बोलून घेतली असती, आणि त्या दिवशी जेवायला काय करायचं ह्या विचाराला लागले असते.

मी पट्टी परत त्यांच्या हातात दिली. त्यांचा अंगठा धरून टोकाच्या खुणेवर ठेवला. "ही खूण. लागतेय हाताला?"

"लागती."

"आजपासून पट्टी तुम्ही काढायची. वाचायची मी. घालायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. मी डबा उचलणार नाही आणि तुम्ही मला विचारल्याशिवाय ओतायचं नाही."

"रोज?"

"रोज. पावसातसुद्धा."

आबांनी विचार केला. मग पट्टी पुसली, आत घातली, काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "सांग, किती हाय?"

"वर आहे आबा. दोन बोटं वर."

"मंग काढाय लागंल. आज भाईकडनं काढून घे. आन त्याला म्हनावं, आबाची चूक व्हती."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, गालावरून हनुवटीपर्यंत, आणि ते पुसावं इतकंही भान मला नव्हतं. आता चांगलं उजाडलं होतं. समोर हातभरावर आबा उभे होते, माझ्या तोंडाकडेच बघत. मी रडतेय हे त्यांना कळेल आणि ते काहीतरी म्हणतील म्हणून मी थांबले. ते तसेच बघत राहिले. मग जरा भीत भीत, लहान पोराने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "येवढी गप का गं? लय रागावलीस व्हय?"

"न्हाई आबा," मी म्हटलं. "न्हाई रागावले."